खड्डा बुजवायचा नाही

डोंगरातल्या पाण्याचा हिशेब मांडणं हे तसं रूक्ष काम. पाऊस किती पडला, माथ्यावरचं बर्फ किती वितळलं, उन्हाने किती उडालं, झाडांनी किती ओढलं, जमिनीत किती मुरलं आणि खालच्या ओढ्याला किती आलं, एवढं संगणकाला सांगायचं. आलेलं आणि गेलेलं जुळलं पाहिजे. कार्यालयात जिला सगळे मोजपट्टी म्हणत, तिची उभी नोकरी या जुळवाजुळवीत गेली होती, आणि थोडंफार न जुळणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. पण या कोरड्या डोंगरात थोडंथोडकं नव्हे, भरपूर पाणी बेपत्ता होतं.

तिने पर्जन्यमापकं तपासली. ओढ्यातली मोजणीची पट्टी स्वतः गाळात उतरून घासून काढली. फरक तसूभरही कमी झाला नाही.

दुसरं कुठलं काम असतं तर तिने इतकं मनाला लावून घेतलं नसतं. पण त्याच डोंगरातल्या पठारावर नवी वसाहत उभी राहिली होती, आणि तिच्या धाकट्या बहिणीने होतं नव्हतं ते घालून तिथे घर घेतलं होतं. वसाहतीला पाणी पुरेल असा मोजपट्टीच्या सहीचा अहवाल गेला, की लोक राहायला जाणार होते. धाकटीने पडद्यांचं कापडसुद्धा आणून ठेवलं होतं.

या धंद्यात एक रीत आहे. उपग्रहावरून केलेल्या उंचीच्या नकाशात मधूनमधून खोटे खड्डे दिसतात. त्यांत पाणी अडकलं की संगणकातला ओढा पुढे सरकत नाही. म्हणून गणित सुरू करण्याआधी सगळे खड्डे एका झटक्यात बुजवून टाकतात. कोणते बुजवले ते कोणी बघत बसत नाही. तिनेही बघितलं नव्हतं. आता हट्टाला पेटून तिने मूळ नकाशा पुन्हा काढला. बारीकसारीक खड्डे सोडले तर एकच मोठा निघाला, थेट वसाहतीच्या पठारावर. तो उघडा ठेवून तिने गणित चालवलं आणि आकडे जुळले. थेंब न् थेंब जुळला. इतकं चोख कधीच जुळत नसतं, हे ठाऊक असल्यामुळे तिला आनंद झाला नाही. तिने त्यानंतरचा ताजा नकाशा मागवला. त्यात खड्डा आणखी खोल होता.

ती जागेवर गेली. पठार टेबलासारखं सपाट होतं. नव्या रंगाची कुलूपबंद घरं ओळीने उभी होती आणि कुठे गवताची काडी नव्हती. जीपचे ड्रायव्हरकाका एरवी गप्पांना थांबत नसत. इथे ते खालीसुद्धा उतरले नाहीत.

"मॅडम, इथं कुणी थुंकतपण नाही," स्टिअरिंगकडे बघत ते म्हणाले.

का, असं तिने विचारलं. तोंडाला कोरड पडते, एवढंच त्यांनी सांगितलं आणि काच वर केली.

तिने पाण्याची बाटली जमिनीवर उपडी केली. पाणी पडलं आणि दिसेनासं झालं. मातीचा रंगही बदलला नाही. तिने बोट टेकवलं तर धूळ गरम आणि सुटी होती. मग जीपमधला अख्खा कॅन आणून ओतला. तोही गेला, आवाज न करता. तिला भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून स्वतःचा भयंकर रागही आला.

"माझं गणित बरोबर आहे," ती त्या रिकाम्या पठाराला ठणकावून म्हणाली. तिथे ऐकायला कोणी नव्हतं, तरी ते सांगून तिला बरं वाटलं.

विभागप्रमुखांना माघारी सगळे चालतंय म्हणत, कारण कुठल्याही कागदावर त्यांचं मत तेवढंच असे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जागेवर खड्डा आहे का, एवढंच विचारलं. नाही, असं तिला कबूल करावं लागलं.

"मग बुजवा की. चालतंय."

"पाणी जातंय, साहेब."

"कुठे?"

"माहीत नाही. माहीत नाही असंच लिहिणार आहे."

त्यांनी बढतीची आठवण करून दिली. वसाहतीत कोणाकोणाची घरं आहेत तेही सुचवलं. तिने सांगितलं की खड्डा बुजवून हवा असेल तर दुसऱ्या कोणाची सही घ्या, माझा अहवाल मी आजच वर पाठवते. आणि त्यांचं उत्तर न ऐकता ती जागेवर येऊन बसली.

दुपारी धाकटी आली. सकाळभर ती नव्या घरात फरशा पुसत होती म्हणे. आल्याआल्या तिने पाणी मागितलं. एक पेला प्यायली, दुसरा प्यायली, मग पाण्याचा जगच तोंडाला लावला.

"काय ऊन आहे गं वर," ती म्हणाली. तिचे ओठ फुटले होते.

साहेबांनी तिला फोन केला होता, हे उघड होतं. ती आधी समजुतीने बोलली, मग चिडली. नवऱ्याला काय सांगू, भाड्याचं घर तर सोडून दिलं, असं म्हणाली.

"तुझ्या एका खड्ड्यापायी आम्ही रस्त्यावर यायचं का, ताई?"

"रस्त्यावर आलीस तर माझ्याकडे राहा. तिथे मी तुला जाऊ देणार नाही."

"सही कर ना गं."

"नाही."

तिने धाकटीच्या डोळ्यांदेखत अहवाल पाठवून दिला.

धाकटी रडायला लागली. लहानपणी रडायची तशीच, हुंदके देत, तोंड न झाकता.

मोजपट्टी उठून तिच्याजवळ गेली. धाकटीचे डोळे भरून येत होते. थेंब पापणीवरून सुटताना स्पष्ट दिसत होता.

गालावर मात्र तो कुठेच नव्हता.

दुसरा सुटला. तोही नाही.

तिने धाकटीच्या गालाला बोट लावलं. गाल गरम होता. बोटाला बारीक धूळ लागली.

"ताई," धाकटी म्हणाली, "अजून थोडं पाणी दे ना."