जुनी बेडकी, नवी बेडकी

दुसऱ्याच्याच गाडीत बसून ती मनसोक्त रडत होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

बाहेर सकाळपासून कंटाळवाणी रिपरिप चालू होती. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत, "आता नीट दिसतंय, की आधीचं बरं होतं?" असं विचारून तिचा घसा सुकला होता. दुकान बंद झालं की मागच्या पार्किंगमध्ये यायचं, बाबांच्या गाडीत बसायचं, दार लावून घ्यायचं, पोटभर रडायचं आणि डोळे पुसून घरी जायचं... बाबा गेल्यापासून तिचा हा परिपाठच झाला होता. घरी रडायची सोय नव्हती. एकीचे डोळे भरले की दुसरीचा बांध फुटायचा, म्हणून मायलेकी एकमेकींसमोर अगदी शहाण्यासारख्या वागत होत्या.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली.

बाहेर छत्री घेऊन एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. तिने हँडल फिरवून काच खाली केली.

"माफ करा," तो म्हणाला. "तुमचं चालू द्या, मला घाई नाही. फक्त — ही गाडी माझी आहे."

"काहीतरीच काय! किल्लीने उघडलीय मी!"

"उघडणारच. तुमची ती तिकडे आहे. खांबाच्या मागे."

तिने वळून पाहिलं. तोच फिकट हिरवा रंग, तेच दोन गोल, बावळट दिवे. मग तिने स्वतःच्या खाली पाहिलं. सीटचं कव्हर तपकिरी होतं. बाबांनी तपकिरी रंगाला जन्मात हात लावला नसता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पहिल्या पिढीच्या गाड्यांना कुलपांचे प्रकारच थोडे होते," तो तिची लाज झाकायला बोलत राहिला. "त्यात किल्ली झिजली की ती कुणाच्याही दारात शिरते. माझ्या किल्लीने तुमचीही उघडेल बहुतेक."

कंपनीने या गाडीला नाव चांगलं भारदस्त ठेवलं होतं, पण ते फक्त कागदावर. त्या गोल दिव्यांमुळे सगळे तिला बेडकीच म्हणायचे. आता शोरूममध्ये तिसरी पिढी आली होती आणि पहिल्या पिढीतल्या बेडक्या रस्त्यावर क्वचितच दिसायच्या. अशा दोघी एकाच पार्किंगमध्ये, तेही एकाच रंगाच्या — तिची चूक तशी माफ करण्यासारखीच होती.

तो तिला तिच्या गाडीपर्यंत सोडायला आला. छत्री पूर्ण तिच्या डोक्यावर आणि स्वतः भिजतोय. मग त्याने एक विचित्र गोष्ट केली. खाली वाकून तिच्या गाडीच्या दाराखाली बराच वेळ पाहिलं.

"इतकी कुणी सांभाळलीय?"

"बाबांनी."

"त्यांना सांगा —"

"गेले ते."

पाणी त्याच्या नाकावरून ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"उद्याही माझ्या गाडीत बसलात तरी चालेल," शेवटी तो म्हणाला. "तिथे रडायला मनाई नाही."

आता यावर हसावं की चिडावं? ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली, आणि घरी पोचेपर्यंत त्याचंच तिला अपराधी वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तो पार्किंगमध्ये होता. तिसऱ्या दिवशीही. त्याचं काम काय, तर "गाड्या तपासतो." एवढंच. रविवारी तो नवीकोरी बेडकी घेऊन आला, तिसऱ्या पिढीची, कामाच्या ठिकाणाहून मागून आणलेली. म्हणाला, दोन्ही चालवून बघा आणि सांगा, कुठली चांगली. दुकानात तुम्ही लोकांना विचारता तसंच.

"ही बेडकी?" ती नवीच्या तोंडाकडे बघत म्हणाली. "शेपटीवर पाय दिल्यासारखी बघतेय."

"बेडकीला शेपटी नसते."

"म्हणून तर जास्त राग आलाय तिला."

शहराबाहेरच्या रिकाम्या रस्त्यावर त्यांनी गाड्यांची अदलाबदल केली, मग पुन्हा केली. आभाळ गच्च भरलेलं होतं, शेतं ओली आणि राखाडी. जुनीचं दार रिकाम्या डब्यासारखं टण्ण वाजायचं, नवीचं धप्प. जुनीत चहूकडे काचच काच, नवीत समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंना हे जाडजूड खांब.

"यातून काय दिसणार, कपाळ!" ती म्हणाली. "आणि हे टुंग टुंग काय लावलंय?"

"पट्टा लावला नाहीत."

"मला टोकायला घरी आई आहे, तेवढी पुरे."

तरी तिने पट्टा लावला, कारण तो तिच्याकडे बघत होता. नुसता बघत नव्हता — बक्कल टक् वाजेपर्यंत श्वास रोखून होता.

"बरं, जुनीत काय एवढं आहे?" त्याने विचारलं.

"जुनीत... काच हाताने खाली करावी लागते. कुणाशी बोलायचं तर आधी कष्ट घ्यावे लागतात. म्हणून माणूस उगाच कुणाशीही बोलत नाही."

"माझ्याशी बोललात."

"तुम्ही माझ्या — तुमच्या — गाडीबाहेर भिजत उभे होतात!" तिचे कान गरम झाले. "आणि भक्कम असते जुनी. बाबा म्हणायचे, तेव्हाचा पत्रा म्हणजे पत्रा. आता नुसता प्लास्टिकचा कारभार."

यावर मात्र तो हसला नाही. जुनीत तिच्या शेजारी बसला की त्याची बोटं सीटची कड घट्ट धरून असायची, हे तिने केव्हाच टिपलं होतं.

"माझ्या ड्रायव्हिंगवर एवढा अविश्वास?"

"ड्रायव्हिंगवर नाही," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

असे बरेच रविवार गेले. त्यात 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. आईला मात्र सगळं कळलं. "तुझा तो बेडकीवाला आज येणार नाही का?" असं ती भाजी चिरता चिरता, मान वर न करता विचारायची. बाबा गेल्यापासून आईने पहिल्यांदाच कशात तरी नाक खुपसलं होतं, त्यामुळे तिला बरंच वाटलं.

मग एका रविवारी तो टॉर्च घेऊन तिच्या गाडीखाली शिरला. बऱ्याच वेळाने बाहेर आला.

"गंजाचा एक ठिपका नाही," तो म्हणाला. सूर असा, की कुणाच्या आजाराची बातमी सांगतोय.

त्याच्या केसांत वाळलेलं पान अडकलं होतं. तिने ते काढलं, आणि हात तिथेच राहिला... जरासा जास्तच. त्याने डोळे मिटले.

"मला तुला एक सांगायचंय."

आता हे वाक्य ऐकल्यावर कुठल्या मुलीचं काळीज जागेवर राहील? तिने त्याला गाडीत बसवलं, स्वतः बसली, दोन्ही दारं लावून घेतली. काचांवर पाणी वाहत होतं. बाबांच्या गाडीतच ऐकायचं होतं तिला ते.

"मला आधी तुझी गाडी आवडली होती," तो म्हणाला.

"आणि मग?"

"आवडली म्हणजे... हवी होती. ठोकायला."

तिला वाटलं, हा थट्टा करतोय. पण त्याचा चेहरा थट्टेचा नव्हता. तो जिथे काम करत होता तिथे गाड्या भिंतीवर, नाहीतर एकमेकींवर आदळून बघत. सीटवर माणसाच्या मापाचे पुतळे बसवत आणि कुणाचं काय मोडतं ते मोजत. यंदा त्यांना पहिल्या पिढीची बेडकी तिसऱ्या पिढीच्या बेडकीवर समोरासमोर घालायची होती, आणि ते लोकांना दाखवायचं होतं.

"अजून लोक जुनी शोधून विकत घेतात," तो म्हणाला. "नवशिक्या मुलामुलींना. भक्कम असते म्हणून. माझ्या ताईला लायसन्स मिळालं तेव्हा आमच्या वडिलांनीही घेतली होती. समोरून दुसरी गाडी आली. वेग कुणाचाच फार नव्हता. दुसऱ्या गाडीतला माणूस दार उघडून चालत बाहेर आला. ताई..." तो थांबला. "माझी ही हिरवी मी ठोकण्यासाठीच घेतली. पण खालून सडलेली निघाली. तशी ठोकली तर लोक म्हणणार, गंजामुळे मोडली. एक धडधाकट हवी होती."

"आणि मी रडत सापडले."

"हो."

"त्या दिवशी खाली वाकून पाहिलंस ते... त्यासाठी?"

"हो."

"आणि हे सगळे रविवार?"

"नाही! ते नाही. ते खरंच —"

"उतर."

तो उतरला. पावसात उभा राहिला, काहीतरी बोललाही, पण तिने काच खाली केली नाही. रात्री त्याचा मेसेज आला: 'तुझ्या गाडीबद्दल मी कुणालाही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.' तिने उत्तर दिलं नाही.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नये. पार्किंगमध्ये खांबाजवळची जागा रिकामी राहू लागली. ती गाडीत बसायची, पण रडूसुद्धा धड येईना. बाबांसाठी रडायला बसावं तर मध्येच तो आठवायचा, त्याच्यावर चिडावं तर मध्येच त्याची ताई. आपल्या हक्काच्या दुःखातही त्याने भागीदारी मिळवली, याचा तिला भयंकर राग आला. आणि तरी येता-जाता नजर खांबाकडे जायचीच.

एका दुपारी दुकानात एक कॉलेजातली मुलगी आली. लायसन्ससाठी चष्मा हवा होता. भिंगं बसवून झाल्यावर ती कौतुकाने खिडकीबाहेर बघायला लागली. पानं दिसतात, पाट्या दिसतात, सगळंच दिसतं.

"ती हिरवी बेडकी तुमची? बाबा मला अगदी तश्शीच घेणारेत. चांगली असते ना हो ताई?"

"हो तर," ती सवयीने म्हणाली. "तेव्हाचा पत्रा म्हणजे पत्रा."

मुलगी खुशीत निघून गेली. आणि ही हातात रिकामी फ्रेम धरून तशीच उभी राहिली. जे वाक्य ती बोलली ते बाबांचं होतं, शब्द न् शब्द, त्यांच्याच ठसक्यात. त्याच्या ताईलाही तिच्या बापाने ते असंच मायेने ऐकवलं असणार. ती पळत रस्त्यावर गेली. मुलगी कुठेच दिसली नाही.

रात्री तिने आईला सगळं सांगितलं. आईने ताट बाजूला सारलं.

"तुझ्या बाबांनी मला कधी त्या गाडीत ओल्या चपलांनी बसू दिलं नाही," ती म्हणाली. "तीस वर्षं चपला हातात धरून बसले मी." मग तिचा आवाज फुटला. "दे. दे बाई ती. मला तुझी काळजी वाटते तिच्यातून जाता-येताना. बोलत नव्हते, इतकंच."

त्या रात्री मायलेकी पहिल्यांदा एकमेकींसमोर रडल्या.

त्याच्या कामाच्या ठिकाणी ती गाडी घेऊन गेली तेव्हा तो फाटकापर्यंत धावत आला. खोल गेलेले डोळे, वाढलेली दाढी... तिला त्याच्यावरचा राग आठवावा लागला.

"मी ही घेणार नाही," तो म्हणाला.

"तू घेत नाहीयेस. मी देतेय. आणि मी बघणार आहे."

"नको बघूस."

"बघणार."

ठरल्या दिवशी ती जाड काचेमागे उभी राहिली. खाली मोठ्या उजळ हॉलमध्ये दोन्ही बेडक्या एकमेकींसमोर होत्या. पुतळ्यांच्या तोंडांना निळा रंग फासला होता, म्हणजे डोकं कुठे आपटलं ते नंतर समजतं. भोंगा वाजला. एक आवाज झाला, फार छोटा, आणि संपलं.

नवीचं पुढचं सगळं चेपलं होतं, पण दार सरळ उघडलं. आत फुगून मऊ पडलेल्या एअरबॅगच्या पांढऱ्या पिशवीवर निळा ठसा होता. ते जाड खांब जागच्या जागी होते. जुनीचं छप्पर मधून दुमडलं होतं आणि दार कापून काढावं लागलं. स्टिअरिंग वर सरकून थेट पुतळ्यापर्यंत आलं होतं. निळा रंग स्टिअरिंगच्या मधोमध लागला होता. तिथे रोज तिचे हात असायचे, आणि त्याआधी बाबांचे.

तो शेजारी उभा होता. इतकी वर्षं हे काम करूनही त्याचे खांदे गदगदत होते. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, फक्त त्याची बाही धरली.

बाहेर आले तेव्हा आभाळ तसंच, मळकट.

"घरी सोडतो," तो म्हणाला.

"नको. आज कुठल्याच गाडीत बसवणार नाही मला."

दोघं फाटकाशी घुटमळले. मग तिने मनातलं एकदाचं बोलून टाकलं.

"माझ्याकडे आता गाडी नाही. म्हणजे माझ्याकडे यायचं तुला काही कारणच उरलं नाही."

"नाही उरलं," तो म्हणाला. त्याचा आवाज ओला होता. "तरी येऊ?"

ती रडत होती, भर रस्त्यात, कुठलंही दार लावून न घेता.

"चल," ती म्हणाली. "घर लांब आहे. बाबांबद्दल सगळं सांगून होईल."