तीन उचक्या

शहाद्याहून सारंगखेड्याकडे निघालं की रस्त्याला लागून एक निंबाचं झाड आहे. त्याच्या सावलीत जहीर मिस्त्रीचं गॅरेज. जहीरचा कान असा तयार, की गाडी अजून वळणावर असली तरी तो सांगायचा, प्लग गेलाय का पट्टा सैल झालाय. पण माणूस म्हटला की एखादी खोड असतेच. जहीरची खोड घाईची. हातात काम फार झालं की तो गाडीला स्कॅनर जोडायचा आणि सापडलेला दोष दुरुस्त न करता त्याची नोंद नुसती पुसून टाकायचा. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझायचा आणि गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. दोष मात्र आत होता तसाच राहायचा.

फाल्गुनातली दुपार होती. गॅरेजमध्ये रूपालीताईंची गाडी उभी होती. ताई सारंगखेड्याच्या शाळेत शिकवायच्या, रोज तापीच्या पुलावरून जायच्या-यायच्या. शेजाऱ्यानं मदत करायला म्हणून बॅटरीच्या वायरी उलट्या जोडल्या आणि इंजिनचा कॉम्प्युटर जळाला. नवा यायला तीन आठवडे लागणार होते, म्हणून जहीरनं नथ्थू भंगारवाल्याकडून जुना आणला.

"कोन्ही गाडीना शे?" त्यानं विचारलं होतं.

"सुरतकडनी," नथ्थू दुसरीकडे बघत म्हणाला. जहीरनंही जास्त खोदलं नाही.

कॉम्प्युटरचा डबा बसला, चावी जुळली, गाडी चालूही झाली. पण उभ्या गाडीत इंजिन स्थिर राहीना. फेऱ्यांचा काटा आठशेवर यायचा, जरा थांबायचा आणि एकदम खाली आपटायचा. हक्... हक्... हक्... तीनदा. मग थोडा वेळ शांत. मग पुन्हा तीनदा.

जहीरला आधी काही वाटलं नाही. दुसऱ्या गाडीचा कॉम्प्युटर नव्या इंजिनला सरावायला वेळ घेतो, तोवर गाडी थरथरतेच. त्यानं वीस मिनिटं वाट पाहिली. मग थ्रॉटल साफ केला, हवेचे पाइप तपासले, अर्थिंगची वायर घासून घट्ट केली, प्लग बदलले. ऊन माथ्यावरून ढळलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, निंबाचं पानही हलत नव्हतं. त्या शांततेत तेवढा एकच आवाज... हक्, हक्, हक्.

स्टुलावर बसलेल्या रूपालीताई हसायला लागल्या. "जहीरभाऊ, हाई तं उचक्या दी ऱ्हायनी! कोनी तरी याद करी ऱ्हायनं तिले. नाव लई देखा ना!"

उचकी लागली की एकेकाचं नाव घ्यायचं, ज्याच्या नावाला ती थांबेल तो आठवण काढतोय, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक. ताईंनी मजेत सुरुवात केली. "मन्ही सासू?" हक्. "हेडमास्तर?" हक्, हक्.

जहीरही हसला. पण गाडी उचक्या देते, हे बोल त्यानं याच जागेवर, दुसऱ्या तोंडून ऐकले होते.

हेमकांत. सारंगखेड्याचा तरणा शेतकरी, तोंडानं गोड. घोड्यांच्या यात्रेचे दिवस होते तेव्हा. "जहीरभाई, गाडी उचक्या दी ऱ्हायनी," तो म्हणाला. जहीरला त्या दिवशी यात्रेला जायचं होतं, घोडे बघायचे होते. त्यानं दोष पुसला, दिवा विझवला. "जाय बिनधास्त!" हेमकांत पुन्हा आला, तिसऱ्यांदाही आला. तिन्ही वेळा तेच. मग जानेवारीतल्या एका धुक्याच्या सकाळी ती गाडी तापीच्या पुलावर मधोमध बंद पडली. मागून ट्रक येत होता.

दिवस-कार्य उरकल्यावर त्याची आई, निर्मलाबाई, गॅरेजवर आली. याच स्टुलावर बसली. "मन्हा पोऱ्या तुन्हाकडे उना व्हता का?"

"नई, माय. गाडी मन्हाकडे उनीच नई."

बाईनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि पाणीही न पिता उठून गेली. त्या दिवसापासून जहीरला स्वतःची लाज वाटायची, आरशात दाढी करताना सुद्धा. त्यानं कानाला खडा लावला, की आता दिवा पुसायचा नाही. खडा महिनाभर टिकला. मागच्याच आठवड्यात धर्मेंद्रची जीप आली, रोज तोरणमाळच्या घाटात सवाऱ्या नेणारी. गर्दी होती. जहीरनं दिवा पुसला.

आता त्यानं स्कॅनर जोडला. डबा ज्या गाडीतून काढला, तिचा नंबर त्यातच असतो. मशीननं तो वाचला आणि जुनी नोंद आपणहून उघडली. 'हेमकांत, सारंगखेडा.' त्याखाली तीन तारखा. जहीरनंच टाइप केलेल्या. निर्मलाबाईला जे नाही म्हणून सांगितलं, ते त्याच्याच मशीननं जपून ठेवलं होतं.

बॉनेटवर वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही असं तो पुटपुटला, "हेमकांत..."

इंजिन गप्प झालं... म्हणजे बंद नाही, स्थिर झालं. काटा आठशेवर खिळल्यासारखा उभा राहिला.

"व्हयनी ना नीट!" ताई टाळी वाजवत उठल्या. पर्स खांद्याला लावली. "कोनं नाव लिधं, जहीरभाऊ?"

चावी हातात द्यायची, आणि झालं. पाच मिनिटांत ताई पुलावर. जहीरच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कोनंच नई, ताई."

इंजिननं एकच आचका दिला आणि बंद पडलं.

मग जहीर खाली मान घालून म्हणाला, "ताई, हाई गाडी आज भेटाव नई. तुम्ही एसटीनं जा." आणि त्यानं डबा सोडवायला घेतला.

डबा पिशवीत घालून तो मोटरसायकलवर सारंगखेड्याला गेला. निर्मलाबाई ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. हवेत ठसका होता. जहीर पायरीवर बसला, वर मात्र गेला नाही.

"माय... मी खोटं बोलनू. तो उना व्हता. तीनदा उना व्हता. मी काहीच कयं नई. नुसता दिवा पुशा."

बाईचे हात थांबले नाहीत. "माले मालूम शे."

"कसं?"

"तू नई म्हनना, तवय तुले उचकी लागनी व्हती. तीनदा." तिनं पहिल्यांदा मान वर केली. "तुले याद नई?"

त्याला आठवत नव्हतं. हेमकांतच्या गाडीतला डबा म्हणून त्यानं पिशवी पुढे केली, तशी ती म्हणाली, "तो डबा तुन्हाकडेच ऱ्हाऊ दे." शिवी दिली असती तर बरं झालं असतं. जहीर उठला तेव्हा त्याला तिच्या दाराकडे पाठ करायचीही लाज वाटत होती.

पुलाच्या तोंडाशी त्याला उचकी लागली. त्यानं मोटरसायकल कडेला घेतली. हँडलला लटकवलेली पिशवी मांडीला लागली, आतला डबा तापलेला होता. उन्हानं असेल. उचकी थांबेना. "हेमकांत," तो म्हणाला. थांबली नाही. "निर्मलामाय." नाही. घरी बायको आठवत असेल म्हणून "शहाबानो." नाही. बाटलीतलं पाणी पिऊन झालं. आणि मग, मनात नसताना, ओठावर आपोआप नाव आलं.

"धर्मेंद्र..."

उचकी थांबली.

जहीरनं घाईघाईनं फोन काढला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. हेमकांतचा शेवटचा फोन त्यानंही असाच वाजू दिला होता. त्यानं दुसऱ्यांदा लावला. नाही. तिसऱ्यांदा लावला, तेव्हा कुणीतरी उचलला.

"धर्मेंद्र? जीप थांबाड! तठेच थांबाड, पुढे जाऊ नको... धर्मेंद्र?"

पलीकडून कुणी बोललं नाही. लांबवर, घाटातल्या वाऱ्यात, उभ्या गाडीचं इंजिन तेवढं चालू होतं.

हक्... हक्... हक्.

मग शांत.