आकाश गप्प झालं ते चार दिवस

"सूर्य बंद करता येतो का हो इथून?"

रोझलीची पेन्सिल थांबली. दुर्बिणीतून कागदावर पडलेलं सूर्याचं बशीएवढं बिंब, त्यावरचे काळे डाग ती गिरवत होती. उत्तर कॅनडातल्या यलोनाइफ गावाच्या टेकडीवरच्या, वेधशाळेच्या या खोलीत सहसा कुणी फिरकत नसे. आणि आज दारात हा उंच माणूस… बुटांतून तळ्याचं पाणी ठिबकतंय, कपाळावर आठ्या.

"डंकन लॅफर्टी. तळ्यावरून, पाण्यावर उतरणारं विमान उडवतो. काल तासभर माझा रेडिओ मेला होता. खाली विमानतळावर म्हणाले, टेकडीवरच्या बाईंना जाब विचार."

"त्याला विचारा," तिने बिंबाकडे बोट दाखवलं. "मी नुसतं चित्र काढते."

तो वाकला, तशी त्याच्या डोक्याची सावली बिंबावर पडली.

"सरका… ग्रहण लागलं!"

आठ्या मोडल्या. तो खळखळून हसला, आणि रोझलीची रेघ वाकडी गेली.

मग तो येतच राहिला. कधी सुकवलेला मासा घेऊन, कधी नुसताच.

"हे डाग काळे का गं?"

"आजूबाजूपेक्षा थंड असतात म्हणून. थंड म्हणजे… चार हजार अंश."

"तुझ्या बोलण्यासारखं थंड!"

"आणि सूर्याच्या गाभ्यातला उजेड पृष्ठभागावर यायला हजारो वर्षं लागतात. तिथून आपल्यापर्यंत मात्र आठ मिनिटं."

"म्हणजे आतल्या आत घुटमळायचं, आणि एकदा निघाला की धूम…" तो तिच्याकडे बघत राहिला. "माझंही तसंच आहे, रोझली."

तिने मान खाली घातली. पण त्या दिवशीच्या चित्रात एक डाग गाळला गेला.

त्या काळी दूरच्या वस्त्यांशी बोलायला रेडिओखेरीज काही नव्हतं. सूर्यावर स्फोट झाला की तो रेडिओ मुका व्हायचा. ऑगस्टमध्ये डागांचा एक मोठा, गुंतागुंतीचा पुंजका दिसू लागला. रोझलीने डंकनला तीनदा बजावलं, "आज जाऊ नकोस." तिन्ही वेळा काही झालं नाही. विमानतळावर थट्टा सुरू झाली, "डंक्या, बायकोने सुट्टी दिली का आज?"

"अजून बायको कुठे…" तो म्हणाला खरा, पण त्याचे कान लाल झाले होते.

चौथ्या सकाळी तो दारात आला. इस्पितळातून सुटलेल्या सेलीन आजीला तिच्या वस्तीवर पोचवायचं होतं.

"काय गं, आज काय म्हणतो तुझा सूर्य?"

पुंजका आणखी पिळवटला होता; मोठा स्फोट जवळ आल्याची ती खूण. रोझलीच्या ओठांवर शब्द आले… आणि तिला ती थट्टा आठवली.

"काही नाही. जा तू."

"संध्याकाळी आलो की तुला काहीतरी विचारायचंय."

दुपारी लाल फिल्टर लावलेल्या दुर्बिणीत त्या पुंजक्यातून पांढरीशुभ्र ज्वाला उसळली. इतकी देखणी ज्वाला रोझलीने आयुष्यात पाहिली नव्हती. त्याच क्षणी खोलीतल्या रेडिओवर डंकनचा आवाज तुटला, "वणव्याच्या धुरामुळे वाट बदललीय… इंजिन बंद पडतंय, उतरतोय, तळ्याच्या—"

पुढे नुसती शांतता. खरखरसुद्धा नाही.

रेडिओ तासाभरात परत बोलू लागेल, असं तिने सगळ्यांना सांगितलं. पण स्फोटातून सुटलेल्या कणांनी ध्रुवाकडचं सगळं आकाश भरून टाकलं. चार दिवस रेडिओ मुका राहिला. विमानं धुरात शोधत फिरली. त्या मुलखात तळी हजारोंनी; कोणत्या तळ्यावर शोधायचं? रोझली रेडिओपुढे बसून राहिली. सकाळी सूर्य यायचा, ती खिडकी लावून घ्यायची.

पाचव्या दिवशी रेडिओ बोलला. आवाज सेलीन आजीचा होता. तिने सांगितलेल्या खुणांवरून तळं सापडलं, आणि त्याच दिवशी तिला इस्पितळात आणलं.

इस्पितळात रोझली आजीच्या खाटेशी गेली.

"उतरताना त्याच्या छातीला मार बसला," आजी म्हणाली. "काल पहाटेपर्यंत होता. कोणतं बटण दाबायचं, ते मला शिकवलं त्याने. रोज थोडा वेळ रेडिओ लावायचा आणि बोलत बसायचा."

"मुक्या रेडिओवर?"

"हो. तुझ्याशी. 'रोझली, लग्न करशील ना माझ्याशी?' म्हणायचा. मग थांबायचा… उत्तर येईल म्हणून. मी म्हटलं, पोरा, कशाला दम घालवतोस? तर म्हणे, 'रेडिओ लागेल, आजी. आभाळात काही बिघडणार असतं तर रोझलीने मला जाऊच दिलं नसतं.'"

रोझलीने खाटेची कड घट्ट धरली.

"लागणार होता का गं?" आजीने विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. आजीचे थकलेले डोळे तेवढंच मागत होते.

"नाही," रोझली म्हणाली. "मला सकाळीच दिसलं होतं. मी… बोलले नाही."

पांघरुणावर पसरलेलं डंकनचं जाड जॅकेट आजीने ओढून काढलं, रोझलीच्या मांडीवर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"करते," रोझली त्या जॅकेटात तोंड खुपसून म्हणाली. "करते रे…"