बांबूच्या सात पट्ट्या

छंगदू शहरात आता वैद्य नाडी पाहत नसत. नाडी यंत्र पाही आणि औषधही तेच ठरवी. लोक त्याला ‘ग्रंथवैद्य’ म्हणत. प्राचीन चिनी वैद्यकाचे सगळे ग्रंथ त्याच्या स्मृतीत होते. प्रत्येक वाक्याला त्यात ‘कालभार’ असे. वाक्य जितकी शतकं टिकलं, तितका त्याचा शब्द वजनदार.

शेन युलानचा नवरा या कालभारानंच गेला. एका ग्रंथात बचनाग ही विषारी मुळी ‘तीन ल्यांग’ द्यावी असं होतं. ल्यांग हे वजनाचं माप पुढच्या राजवटींत दुपटीहून जास्त वाढलं. वाढलेलं माप जास्त शतकं टिकलं, म्हणून यंत्रानं तेच धरलं.

“डॉक्टर, एवढी एक ओळ दुरुस्त करा,” यंत्राचे जनक काओ वेनपिंग यांना तिनं विनवलं.

“बाई, त्या ओळीमागे अठराशे वर्षं आहेत.” काओंनी स्वतःपुरता चहा ओतून घेतला. “तुमच्या नवऱ्याचा मृत्यू ही एका दिवसाची नोंद. त्यानं काटा हलायचा नाही.”

युलान उठली. थडग्यांत सापडणारे बांबूच्या पट्ट्यांवरचे ग्रंथ जुळवणं हे तिचं संग्रहालयातलं काम. तिच्याजवळ थडग्यांतल्याच कोऱ्या पट्ट्या होत्या, तिथलीच शाईची वडी होती. काओंचे हातपाय हिवाळ्यात गार पडतात आणि ते ग्रंथवैद्याशिवाय कुणाचं औषध घेत नाहीत, हे गावाला ठाऊक होतं. तिनं सात पट्ट्यांवर जुन्या लिपीत नेमकं तेच दुखणं लिहिलं आणि उपाय म्हणून मूठभर बचनाग. दोन महिने लागले. मग त्या तिनं नव्यानं सापडलेल्या ग्रंथांत मिसळल्या.

तपासणीत बांबू आणि शाई दोन्ही बावीसशे वर्षांची ठरली. यंत्रानं त्या पट्ट्यांना सर्वांत मोठा कालभार दिला. थंडी पडली, काओंनी काढा घेतला, दुपारपर्यंत त्यांचं हृदय थांबलं. त्या दिवशी युलान वर्षभरात पहिल्यांदा पोटभर जेवली.

पण थंडीत हातपाय कुणाचे गार पडत नाहीत? दुसऱ्या दिवशी शहरात एकतीस माणसं गेली.

ती धावत काओंच्या जागी आलेल्या हू मिनकडे गेली. “ते मी लिहिलंय! खोटं आहे ते!”

त्यानं तिचा जबाब यंत्रात घातला, पडद्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. “यंत्र ऐकत नाही. ते बंद करायचा अधिकार काओंनी कुणालाच ठेवला नाही.”

युलान औषधालयाच्या दारात हात पसरून उभी राहिली. “घेऊ नका! विष आहे!”

रांगेतल्या एका म्हातारीनं आपल्या गारठलेल्या बोटांनी तिला बाजूला सारलं.

“सरक बाई. बावीसशे वर्षांचं औषध आहे ते. तू काय सांगतेस?”