जुने दिवे मंद नव्हते

बॅटरीवाले काका ही गोष्ट अंधार पडल्यावर पोरांना सांगतात, तेव्हा पोरं श्वास रोखून ऐकतात. मी तेच वर्षभर दिवसाढवळ्या ओरडून सांगत होते, तर एकाही माणसाचा विश्वास बसला नाही. काकांचासुद्धा नाही. आता ते सुरुवात करतात, "आमच्या ओळखीतली एक बाई होती बरं का..." ती बाई मी. त्यांच्या शेजारच्या गाळ्यात बसते, गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. चौथीपर्यंत शिकले, पण रेक्झिन आणि माणूस हाताला लागला की कसल्या प्रतीचा आहे ते मला कळतं. काका त्यांच्या सोयीचं सांगतात आणि गैरसोयीचं गाळतात. म्हणून एकदा मीच लिहून ठेवते.

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला सगळे नवरदेव म्हणायचे. कारण काय, तर चोवीस तास नटलेला. कडक इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, आणि त्याच्याहून नटलेला त्याचा ट्रक. जुना, गोल नाकाडाचा, त्याच्या बापाच्या वेळचा. लोक थांबून फोटो काढायचे. ट्रकवर ओरखडा पडला तर त्याचा जीव जायचा. ताईच्या अंगावर ओरखडे पडले तर ते तोच पाडायचा.

ताई रोज रात्री एक काम करायची. नवरदेव फाटकापाशी आला की दोन हॉर्न मारायचा. ती बाहेर येऊन फाटकाची साखळी काढायची. पाऊस असो, ताप असो, दोन हॉर्न आणि साखळी. सोळा तारखेच्या दुपारी ती माझ्या गाळ्यात आली आणि म्हणाली, "उद्या चिमणीला घेऊन तुझ्याकडे येते. कायमची. आज त्याला सांगणार आहे." चिमणी म्हणजे तिची पोर, तेव्हा पाच वर्षांची.

त्याच रात्री पावणेनऊला ताई फाटकात ट्रकखाली गेली.

नवरदेव पोलिसांना म्हणाला, "जुन्या गाडीचे मिणमिणते दिवे. मला ती दिसलीच नाही हो." आणि मटकन खाली बसला. कागदावर लिहिलं गेलं, अपघाताचं कारण, वाहनाचे दिवे मंद असणे. मी विचारलं, दिसली नाही तर हॉर्न कोणासाठी मारला होता? दोन हॉर्न शेजाऱ्यांनी ऐकलेत. फाटकात ती येणार हे त्याला माहीत होतं की नाही? तर मला सगळे म्हणाले, "अगं, दुःखात माणूस काहीही बोलतो. जा, पाणी पी."

प्यायले पाणी. चिमणीला घरी आणलं. वर्ष गेलं.

मग एक दिवस नवरदेव ट्रक घेऊन काकांच्या दुकानी हजर. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काका, हे दिवे काढून टाका. ह्यांनीच माझी बायको नेली. पांढरे एलईडी बसवा, दुसऱ्या कुणावर ही वेळ नको." समोरच्या पंक्चरवाल्याने डोळे पुसले. मला म्हणाला, "मेहुणीबाई, सीटही नवी करा. चिमणी बसेल माझ्या शेजारी. सोळा तारखेला गाडी नेईन, तशीच तिलाही नेतो. पोर घरात नाही म्हणून लोक विचारतात मला."

"लोक विचारतात म्हणून पोर पाहिजे?"

"बाप आहे मी तिचा."

यावर मान हलवायला सगळा रस्ता तयार होता. बाप आहे तो. आता तर दिवेही बदलतोय.

काकांची दिवे बदलायची एक पद्धत आहे. दुकानामागच्या अंगणात फरशी इतकी सपाट की गोटी ठेवली तर गोटी जागची हलत नाही. तिथे ते गाडी उभी करतात, मागच्या पांढऱ्या भिंतीपासून मोजून पंचवीस फुटांवर. आधी जुने दिवे लावून भिंतीवर कुठे पडतात तिथे खडूने खुणा करायच्या, मग दिवे काढायचे, मग नवे त्याच खुणांवर बसवायचे. असं केलं नाही तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

सोळा तारखेला संध्याकाळी काका केबिनमध्ये बसले आणि त्यांनी जुने दिवे लावले. मी खडू घेऊन भिंतीपाशी होते. पिवळा उजेड माझ्या अंगावर पडला. मी वळले आणि विचारलं, "काका, मी दिसते का?"

"दिसतेस की. मध्ये उभी राहू नकोस, खूण कर."

"किती दिसते?"

"किती म्हणजे? कानातलं दिसतंय. बोटाला पट्टी बांधलीस ती दिसतेय."

 काकांनी दिवे बंद केले. मग खाली उतरून पान्हे चाळत म्हणाले, "त्या रात्री बॅटरी उतरली असेल."

"असेल ना. तुम्हीच भरली होती दोन दिवस आधी."

हे काका पोरांना सांगत नाहीत.

त्यांनी दिव्यांच्या चकचकीत कड्या काढल्या, दिवे ओढून बाहेर घेतले, मागची जुनी वायर तोडली. दोन गोल दिवे, जाड काचेचे, अंगणाच्या कडेला पत्र्याखाली फळी आहे, तिच्यावर गोणपाट अंथरून ठेवले. काच वर, छताकडे तोंड. ओरखडा पडू नये म्हणून ते नेहमी तसेच ठेवतात. मागचे, वायर जोडायचे तीन तीन पाय उघडे. नव्या दिव्यांना बॅटरीपासून जाड वायर, मध्ये रिलेची डबी, म्हणजे सगळा भार जुन्या बटणावर येत नाही. काम चोख. काकांच्या कामाबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती.

साडेआठला नवरदेव आला. नवा शर्ट. माझ्या गाळ्यात चिमणी सुताच्या रिळांशी खेळत होती. तिला त्याने काखेत उचललं आणि नेऊन केबिनमध्ये बसवलं, मीच शिवलेल्या सीटवर. मी पायरीवर चढून दार धरलं. तो हळूच, हसत म्हणाला, "हात काढा. दारात बोट सापडेल."

ताईचं बोट एकदा असंच सापडलं होतं. मी हात काढला. आजवर एवढी लाज मला कशाची वाटलेली नाही.

अंगणात आम्ही तिघं होतो. मी, काका, पंक्चरवाला. नवरदेवाने इंजिन चालू केलं आणि नवे दिवे लावले. भिंत अशी पांढरी झाली की डोळे मिटावे लागले. पंक्चरवाला म्हणाला, "दिवस उगवला की हो." नवरदेव केबिनमधून ओरडला, "आता मुंगीसुद्धा सुटायची नाही."

तेवढ्यात दिवे गेले.

इंजिन चालू होतं. रिलेची डबी वाजत होती. टक... टक... काका म्हणाले, "लूज राहिलं असेल काहीतरी," आणि टॉर्च शोधायला खिसे चाचपू लागले. दुकानातला दिवाही गेला होता. रस्त्यावरचाही. मी घड्याळ पाहिलं नाही, पण पंक्चरवाल्याच्या मोबाइलवर वेळ दिसली आणि त्याने ती मोठ्याने वाचली. का वाचली, त्याला आजही सांगता येत नाही.

"पावणेनऊ."

मग उजेड आला. पिवळा. ट्रकमधून नाही. बाजूच्या फळीवरून.

गोणपाटावरचे दोन्ही जुने दिवे लागले होते. वायर नाही. बॅटरी नाही. छताकडे तोंड करून ठेवलेले... आता त्यांची तोंडं भिंतीकडे होती.

काका म्हणाले, "कोण आहे रे तिकडे." कोणी नव्हतं.

भिंतीवर सावली होती.

बाईची. अंगणात तिथे कोणी उभं नव्हतं, तरी सावली होती. एका हातात काहीतरी लोंबत होतं, लांब. साखळी. दुसरा हात वर. पंजा उघडा. थांब म्हणतात तसा.

दिवे जागचे हलत नव्हते. पण सावली मोठी होत होती. गाडी जवळ येते तेव्हा होते तशी. आधी माझ्याएवढी. मग दाराएवढी. मग...

मला वाटलं होतं मी किंचाळेन. माझ्या तोंडून इतकंच आलं, "ताई, पोर आत आहे."

केबिनचं चिमणीकडचं दार उघडलं. आतून नाही, बाहेरून उघडतं तसं, कडी खाली दाबून. चिमणी पायरीवरून उतरली. एक हात वर धरून उतरली, कोणाचं तरी बोट धरल्यासारखा. माझ्यापाशी आली आणि तो हात सोडून मला बिलगली. तिचे केस कोणीतरी कानामागे सारले होते. मी नव्हते सारले.

ट्रकमध्ये नवरदेव बोलत होता. आम्हाला नाही. भिंतीशी.

"हात खाली कर."

...

"हात खाली कर म्हणतो ना. तेव्हाही असाच दाखवला होतास."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. पिवळ्या उजेडात मला त्यांच्या भुवईतला एकेक केस दिसत होता. ते पुटपुटले, "दिसली होती याला."

नवरदेव खाली उतरला. धावत भिंतीपाशी गेला आणि नव्या शर्टाच्या बाहीने सावली पुसायला लागला. घासत होता. वर, खाली. चुना पडत होता. सावली नाही. मग त्याच्यामागे चाक वाजलं.

ट्रक निघाला होता. केबिनमध्ये कोणी नाही. गोटी हलत नाही अशी फरशी. हँडब्रेक ओढलेला, चाकाला लाकडी ठोकळे. ठोकळ्यांवरून चाकं चढली, उतरली. घाई नाही. माणूस चालतो तेवढी चाल.

नवरदेव वळला. हात वर केला. पंजा उघडा. "थांब..."

दिसत होता हो. स्वच्छ दिसत होता. शर्टाचं दुसरं बटण तुटलेलं दिसत होतं.

ट्रक थांबला, पण त्याचे गुडघे बंपर आणि भिंतीच्या मध्ये घेऊन थांबला. इंजिन बंद पडलं. काका केबिनमध्ये चढले, किल्ली फिरवली. काही नाही. ओरडले, "अगं पहार आण, चाक मागे रेटू."

पहार माझ्या गाळ्यात असते. मी चिमणीला माझ्या गाळ्यात बसवलं, पहार घेतली, आणि येऊन नवरदेवासमोर उभी राहिले.

"अगं दे ना."

"थांबा काका. आधी याचं उत्तर."

"मरेल तो."

"मरणार नाही. गुडघे आहेत." मी त्याला विचारलं, "दिसली होती का?"

तो कण्हत होता.

"दोन हॉर्न कोणासाठी मारले होते?"

"तिच्यासाठी."

"दिसली होती का?"

"दिसली."

"काय करत होती?"

"हात... हात वर केला होता. थांब म्हणत होती."

"मग?"

त्याने दोन्ही हातांनी बंपर ढकलून पाहिला. उजेड हलला नाही. मीही हलले नाही. पहार जड असते, पण तेव्हा लागली नाही.

"मग मी नाही थांबलो."

फळीवरचे दिवे विझले. त्याच क्षणी ट्रकचे नवे दिवे लागले, दुकानातला लागला, रस्त्यावरचा लागला. मी पहार चाकाखाली घातली. त्या अवजड ट्रकला मी आणि काकांनी एकदाच रेटा दिला आणि तो पाळण्यासारखा मागे सरकला.

पोलिसांसमोर तो तेच बोलला. काकांनी आणि पंक्चरवाल्याने सही केली. काकांची सही वाकडी आली. तो आता तुरुंगात आहे, कुबड्यांवर. ट्रक पोलिसांच्या आवारात गंजतोय. चिमणी माझ्याकडे आहे. आता माझ्यापेक्षा सरळ शिवण घालते.

त्या भिंतीला काकांनी तीन वेळा चुना लावला. दिवसा पाहाल तर साधी भिंत. पण कुठल्याही गाडीचा उजेड तिच्यावर पडला की मधोमध एक हात दिसतो. वर केलेला, पंजा उघडा. काका आता गाड्यांचे दिवे दुसऱ्या भिंतीवर लावून बघतात. ही भिंत कोणी पुसत नाही.

परवा रात्री काका पोरांना हीच गोष्ट सांगत होते. शेवटी एकाने विचारलं, "काका, मग दोष दिव्यांचा नव्हताच?" काका म्हणाले, "नव्हता." दुसऱ्याने विचारलं, "मग कोणाचा? त्या माणसाचं नाव काय?"

काका भिंतीकडे बघत राहिले. त्यांना वाटतं, नाव घेतलं तर दिवे पुन्हा लागतील. लागू देत की. मी मशीन थांबवलं आणि माझ्या गाळ्यातूनच सांगितलं.

नवरदेव.