एक शीट रिकामी

कुकरच्या शिट्टीनंही मी दचकते, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचताना ‘ही तशीच आहे’ असं तुम्ही म्हणाल. म्हणालात तर मला बरंच वाटेल.

आषाढातला शेवटचा रविवार होता. पंचमी दहा दिवसांवर आलेली. मोटारसायकलवरून अक्कलकोटच्या पुढं, सीमेकडच्या गावांतून चक्कर मारून यायचं, असं आमचं तिघांचं ठरलं होतं. बसवेश आणि संघपाल माझे कॉलेजातले मित्र. सकाळी मी माझी स्कुटी सोलापुरातल्या सात रस्ता चौकात एका ओळखीच्या झेरॉक्सच्या दुकानापुढं लावली आणि संघपालच्या मागं बसले. बसवेश त्याच्या नव्याकोऱ्या बुलेटवर एकटा.

निघताना आई एवढंच म्हणाली होती, “दिवेलागणीच्या आत ये.” घरात आम्ही दोघीच. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. आईला माहेरही नाही. तिचे आईवडील ती शाळेत असतानाच गेले, आणि ती कराडला मामाकडं वाढली. पंचमीला शेजारणी माहेरी जातात, तेव्हा ती दोन दिवस फारशी बोलत नाही. एरवी मात्र दारात आलेल्याला तसं जाऊ देत नाही. कुरिअरवाल्यालाही गॅलरीतून हाक मारते, “या की वर, चहा घेऊन जावा.”

साडेतीनच्या सुमारास आम्ही एका आडरस्त्यावर पाणी प्यायला थांबलो. मोठा रस्ता दुसरीकडून झाल्यावर हा तसाच पडून राहिलेला. डांबर उखडलेलं, दोन्ही बाजूंना तुरीची रानं, आणि कडेला एसटीची पडकी शेड. पत्रा अर्धा उडालेला, आत सिमेंटचा बाक.

बसवेशला वडापवाल्याची नक्कल फार छान जमते. जीपमध्ये माणसं कोंबताना ते ओरडतात ना, अगदी तशी. त्यानं बुलेटच्या मागच्या सीटवर थाप मारली आणि रिकाम्या शेडकडं बघून सुरू झाला.

“चला सोलापूर, सोलापूर, सात रस्ता. एक शीट रिकामी, एकच शीट. बसा आजी, बसा. सरका की ओ, अजून दोघं बसतील.”

“आजी कुठं दिसली बे तुला?” संघपाल म्हणाला.

“वडापला एक आजी असतेच की.”

मीही हसले. हसता हसता लक्षात आलं, की वारा पडलाय. तुरीचं पानही हलत नव्हतं. आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास येत होता.

“कुणी चटणी आणलीय का रे?”

“तुला भूक लागलीय,” संघपाल म्हणाला, आणि आम्ही निघालो.

आता बसवेश पुढं होता, आम्ही मागं. मला त्याची बुलेट समोर दिसत होती. मागचं चाक दबलेलं वाटत होतं. मग दिसलं, की मागचा एक फूटरेस्ट उघडलाय. एकच. डावीकडचा.

पुढच्या पुलावर त्याला थांबवून दाखवलं. त्यानं बुटानं तो वर केला. “नवी गाडी आहे, स्प्रिंग घट्ट आहे. मलाच जोर लावून उघडावा लागतो.”

“खड्ड्यांनी पडला असेल,” संघपाल म्हणाला.

अर्ध्या किलोमीटरवर तो पुन्हा खाली होता. या वेळी वाटेत एकही खड्डा नव्हता. मी डोळे मिटून घेतले. दोन्ही पाय एका बाजूला घेऊन, डाव्या फूटरेस्टवर टेकवून कोण बसतं, ते मला माहीत होतं. माझी आई तशीच बसते.

पुढच्या गावात एका म्हाताऱ्या बाईचं चहाचं हॉटेल होतं. निंगव्वा तिचं नाव. बसवेश खाली उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरलेला होता. चहा हातात तसाच धरून तो म्हणाला, “गाडी मागं लई जड लागतीय बे. आणि शर्टाला कुणीतरी धरलंय असं वाटतंय...”

राहवेना म्हणून मीच निंगव्वाला शेडपाशी झालेली नक्कल सांगितली. ती ग्लास विसळायची थांबली.

“कुटलं नाव घेऊन बोलावलंसा?”

“सोलापूर,” बसवेश म्हणाला. “सात रस्ता.”

“मग तितंच न्हेऊन सोडा. मदी कुटं उतरवू नका.” तिनं ग्लास पुन्हा पाण्यात बुडवला. “त्या शेडातल्या म्हातारीची लेक सोलापुरात दिलेली. पंचमीच्या आदी लेकीला न्यायला जायची, शेंगाची चटणी बांदून घेऊन. लेक अव्वा म्हनायची तिला, कानडीत आईला म्हंत्यात तसं, आमी बी अव्वाच म्हनायचो. त्या वर्षी एसटी नव्या रस्त्यानं जायला लागली. तिला कुनी सांगितलंच न्हाई. तीन दिस बसून होती शेडात.”

“मग घरी गेली का?” मी विचारलं.

निंगव्वानं ग्लास पालथा घातला. “उतरल्यावर तिला कुनी ‘या’ म्हनू नका. एवडं ध्यानात ठिवा.”

परतीच्या वाटेवर बसवेश चाळीसच्या वर गेला नाही, आणि एकदाही त्यानं मागं पाहिलं नाही. वास आता खवट झाला होता, जुन्या शेंगदाण्याला येतो तसा. तो आमच्यापर्यंत येत होता.

साडेसहाला सात रस्ता आला. रविवारची गर्दी, भेळेच्या गाड्या, हॉर्न. बसवेशनं बुलेट कडेला घेतली. मान खाली घालून, अगदी हळू, तो म्हणाला, “आलं सात रस्ता... उतरा आजी.”

बुलेटचा मागचा भाग सावकाश वर आला. आम्ही तिघांनीही पाहिलं. बसवेशनं फूटरेस्ट मिटला, दहा मिनिटं तिथंच उभा राहिला. फूटरेस्ट मिटलेलाच राहिला. मग बसवेश खालच्या फरशीवर बसला आणि रडला. आम्ही त्याला पाणी दिलं.

मी स्कुटी काढली. मागचे दोन्ही फूटरेस्ट मिटलेले आहेत, हे दोनदा वाकून पाहिलं. वाटेत ओठ घट्ट दाबून ठेवले, चुकून तोंडातून एखादा शब्द जाऊ नये म्हणून. एवढ्या गर्दीत तिच्या ओळखीचं कोण होतं, हा विचार मला तेव्हा सुचला नाही.

घराखाली स्कुटी स्टँडवर लावली. गॅलरीत दिवा लागला आणि आईचा आवाज आला.

“अगं, त्यांना खालीच काय उभं केलंस? या की वर, चहा घेऊन जावा.”

मी मागं वळले. कुणीच नव्हतं. डावा फूटरेस्ट उघडा होता. खवट वास माझ्या अंगावरून गेला, आणि जिन्याच्या पायऱ्यांवर अनवाणी पावलं वाजली. थकलेल्या माणसाची, एकेका पायरीवर थांबत जाणारी. वर आई दार उघडं धरून उभी होती. जिन्याकडं बघत ती म्हणाली, “इथंच तर होत्या... गेल्या वाटतं.”

त्याला आज आठ दिवस झाले. मी आईला काहीच सांगितलेलं नाही. शेडचं नाही, निंगव्वाचं नाही. काय सांगणार? ती खूश आहे. इतकं खूश मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मंगळवारी मी ऑफिसातून आले तर तिचे केस तेल लावून, घट्ट वेणी घालून बसवलेले. म्हणाली, “दुपारी पडले होते तेव्हा वेणी छान घातलीस गं. झोपच लागली.” मी दिवसभर ऑफिसात होते. वेणीला खवट वास होता.

त्यानंतर रोज वेणी असते. मी दुपारी घरी थांबून पाहिलं. ज्या दिवशी मी थांबते, त्या दिवशी आई झोपत नाही. माझ्याकडं बघत बसून राहते, मी कधी जाते याची वाट पाहावी तशी.

आज संध्याकाळी तिनं कपाटावरची पिशवी काढली. दोन साड्या, फणी, घरच्या चपला.

“कुठं निघालीस आई?”

“पंचमी आली की. चार दिवस जाऊन येते.”

“कुठं पण?”

आईनं साडीची घडी नीट केली. ज्या बाईला कानडीचा एक शब्द येत नाही, ती मान वर न करता म्हणाली,

“त्या शेडपर्यंत तूच सोड की तुझ्या स्कुटीवर. पुढं आम्ही जाऊ चालत. मागं मी आणि अव्वा बसतो... सरकून सरकून.”