दोरीवरचे डबे

फाटकावर टांगलेला तो एकटा डबा तुम्ही येता येता बोटानं ढकललात, म्हणून सांगते. नाहीतर हा विषय आमच्या घरात कोणी काढत नाही. बसा. लाईट आत्ताच गेलीय, इतक्यात काही येत नाही. कंदील इथंच राहू दे. उत्तरा, माझी लेक, आत पोरीला निजवतेय, तेव्हा जरा हळू बोलू.

माझ्या माहेरी सगळे मास्तर नि कारकून. मी एकटीच भंगारात पडले, असं माझे वडील दत्तोपंत चारचौघांत सांगायचे आणि स्वतःच हसायचे. हसू देत. आमचे हे ट्रक घेऊन बाहेर असतात, पिंगळीचा हा भंगाराचा वाडगा मीच सांभाळते. आणि खरं सांगू का, मला ह्या धंद्याचा कंटाळा म्हणून कधी आला नाही. लोक काय काय टाकून देतात! प्रत्येक पोत्यात काय निघेल, ह्याची मला अजूनही लहान पोरासारखी उत्सुकता असते.

गंगाखेड रोडच्या धाब्यांवरून बिअरचे, थंड्याचे डबे येतात. भंगारात ह्या ॲल्युमिनियमच्या मालाला जर्मन म्हणतात. वजन वाढावं म्हणून लोक डब्यात वाळू भरतात, खडे घालतात. म्हणून आमच्याकडं एकही डबा हलवून बघितल्याशिवाय काट्यावर चढत नाही. माझी एक सवयच होऊन गेलीय. डबा कानाशी धरायचा, दोनदा हलवायचा, थांबायचं, मग पुन्हा एकदा. पहिल्या दोन हिसक्यांत खडा कळतो, शेवटच्या एकात वाळू. ही सवय लक्षात ठेवा.

गेल्या फाल्गुनातली गोष्ट. उत्तरा पहिल्या बाळंतपणाला आली होती. मी तिच्यासाठी भंगारात आलेला एक पितळी पाळणा बाजूला काढून ठेवला होता. सुरेख होता, कड्यांवर मोर. फक्त वरच्या साखळीचा एक नट सैल झाला होता. 'कुणाच्या घरातला मोडीत निघालेला पाळणा, तो कशाला आपल्या बाळाला?' असं पंचफुला म्हणाली. पंचफुला आमच्याकडं माल निवडते. मी तिला उडवून लावलं. तसलाच दुसरा नट ढिगातून शोधायचा म्हणून पाळण्याचा नट काढून मी पदराच्या गाठीत बांधला होता.

त्या दुपारी रामप्रसाद आला. मेंढरंवाला, पंचविशीतला पोरगा. त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, रुळांपलीकडच्या रानात बसला होता. त्यानं खांद्यावरून एक लांबलचक दोरी उतरवली, आणि तिला ओळीनं डबेच डबे बांधलेले. जमिनीवर टेकताना सगळे एकदम खुळखुळले. मी एक हलवला. खडा. दुसरा हलवला. त्यातही खडा.

"काय रे," मी म्हणाले, "निदान लपवून तरी फसवायचं!"

तो बिचारा लाजला. "वजनासाठी न्हाई वो वैनी. वाड्याभवती बांधलेली दोरी हाय ही. शालू बाळंत झालीय, पोरगी झाली. वारं आलं की डबे वाजायलेत अन् पोरगी दचकायलीय. रातभर झोप न्हाई दोघींला. आता आमी सोलरचा लाईट घेतलाय, काय करायची ही दोरी?"

"आईला विचारलंस का?"

"आय गंगाखेडच्या बाजाराला गेलीय," एवढंच तो म्हणाला.

बायको-लेकीला झोप मिळावी म्हणून आलेला नवरा. मला तर त्याचं कौतुकच वाटलं. पंचफुलानं दोरी कापली, डब्यांतले खडे एका घमेल्यात ओतले आणि डबे हातोड्यानं चपटे केले. खडे मी चाळून बघितले. सगळे गुळगुळीत, नदीतले. एवढ्या निगुतीनं कोणी खडे वेचले असतील, ह्याचं मला नवल वाटलं.

ऊन उतरायला लागलं आणि भिवराबाई आली, रामप्रसादची आई. बाजारातलं गाठोडं अजून डोक्यावरच होतं. तिला धाप लागली होती.

"बाई, माजी दोरी कुटं हाय?"

मी चपट्या डब्यांकडं बोट केलं. ती मटकन खालीच बसली. मी घाबरले, पाणी दिलं. ते तिनं घेतलं नाही.

"खडे? खडे तरी हायेत का?"

घमेलं पुढं केलं तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव आला. "डबे कोन्तेबी द्या, चालतेत. खडे हेच पायजेत. गोदावरीतले हायेत, माज्या सासऱ्यानं, येडबानं वेचलेले. दिवे लागायच्या आत दोरी बांधाया पायजे, बाई. लेकराची झोळी उघड्यावर हाय."

"लांडगा येतो का?"

"लांडग्याला कुत्री हायेत," ती म्हणाली.

आता तुम्हीच सांगा, एवढ्यावर मी घरी बसणारी बाई आहे का? न चेचलेल्या डब्यांचं एक पोतं, त्यातच खडे नि कापलेली दोरी घालून, स्कूटीवर पुढं ठेवलं, भिवराबाईला मागं बसवलं. जन्मात पहिल्यांदा बसली असेल, पण तिचं लक्ष स्कूटीवर नव्हतंच. फाटकातून निघताना तिनं ओट्यावर बसलेल्या उत्तराकडं वळून बघितलं. उत्तराला आठवा सरत आला होता.

"लेक का?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले.

रूळ ओलांडले की बाभळी लागतात. त्यापुढं कापणी झालेली ज्वारीची रानं. मेंढरं जाळीत कोंडलेली होती, लोकरीचा नि लेंड्यांचा उबट वास येत होता. एका बाजूला तीन काठ्यांना बांधलेली झोळी आणि तिच्याजवळ शालू. कोवळी पोर, डोळे रडून लाल झालेले. सासूनं रामप्रसादकडं नुसतं बघितलं. तो मान खाली घालून काठ्या रोवायला लागला.

आम्ही सगळ्यांनी मिळून डब्यांत खडे घातले, तोंडं ठोकून बंद केली, डबे दोरीला बांधले. दोरी पुरी वाड्याभोवती फिरली. आणि शेवटचा डबा रिकामा राहिला. एक खडा कमी पडला होता, वाडग्यात कुठं सांडला असेल. आणि तो डबा नेमका झोळीच्या समोर येत होता. भिवराबाई पलीकडच्या टोकाला गाठी मारत होती. उजेड मावळत चालला होता. रिकामा डबा वाजणार कसा? माझा हात पदराच्या गाठीकडं गेला. पाळण्याचा नट काढला, डब्यात टाकला आणि सवयीनं कानाशी धरून हलवला. दोनदा. थांबून एकदा. छान खणखणीत वाजला. शालूनं बघितलं, तिला बरं वाटलं.

"आता झोळीजवळ बसा," भिवराबाई येऊन म्हणाली. "अन् बोलू नका."

कुत्री आधी गप्प झाली. भुंकली नाहीत, गुरगुरली नाहीत. शेपट्या पोटाखाली घेऊन मेंढरांत शिरली. वारा अजिबात नव्हता. ज्वारीचं धसकटही हलत नव्हतं. सोलरचा दिवा लागला होता, त्याच्या पांढऱ्या उजेडात पलीकडची दोरी मला स्पष्ट दिसत होती.

पहिला डबा वाजला तो बाभळीच्या अंगाला. मग त्याच्या शेजारचा. मग पुढचा. कुणी कुंपणावरून बोटं फिरवत चालावं, तसा आवाज एकेका डब्यावरून पुढं सरकत होता. मी डोळे ताणून बघत होते. डबे वाजत होते... आणि दोरी हलत नव्हती.

खोटं कशाला सांगू, मला भीती वाटली ती नंतर. आधी वाटली ती उत्सुकता. काय असेल? केवढं असेल? उठून बघावं असंही मनात आलं. भिवराबाईनं माझं मनगट घट्ट धरलं होतं, म्हणून उठले नाही.

आवाज अर्धा वाडा फिरला, मेंढरांच्या मागून आला, आमच्या बाजूला वळला. खुळ... खुळ... खुळ... झोळीसमोर आला आणि थांबला.

शालूनं लेकीला झोळीतून उचलून छातीशी आवळलं. माझ्यासमोर, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर तो डबा होता. दिव्याचा उजेड त्याच्यावर पडला होता. त्याच्या आजूबाजूला काही नव्हतं. नुसता ओल्या लोखंडाचा वास आला, गंजाचा. तो वास मला नवा नाही, पण त्या रानात तो कुठून यावा?

डबा वाजला. दोनदा.

थांबला.

मग एकदा.

अहो, ती माझी रीत होती. माल बघायची माझी रीत.

त्यानंतर आवाज झाला नाही. बऱ्याच वेळानं कुत्री बाहेर आली, आणि पोरगी भुकेनं रडायला लागली. तिचं ते रडणं ऐकून शालू हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. पोरगी धड होती, तिचीच होती.

भिवराबाई मात्र त्या डब्याकडंच बघत होती. "ह्यात काय घातलंव तुमी?"

मी सांगितलं. पाळण्याचा नट, असं म्हटल्यावर तिनं माझं मनगट सोडून दिलं.

"खडा का घालताव आमी? खडा कुनाच्या कामाचा न्हाई, म्हनून. त्येला घेन्यासारखं काई दिसाया नको. त्ये फुकाट न्हाई नेत, बाई... बदली ठिवतंय."

"म्हणजे?"

तिचा आवाज इतका खाली गेला, की मला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला. "माजं पयलं लेकरू. सकाळी झोळीत बघितलं, तर कोकरू निजलं व्हतं. आमच्यातलं न्हाई. आमच्या समद्या कोकरांच्या कानाला खूण असती... त्येचा कान कोरा व्हता."

"मग... काय केलंत?"

"काय करनार? भुकेलं व्हतं. दूध पाजलं मी त्येला."

आमचाही धंदा तोच की हो. मोड घ्यायची, बदल्यात दुसरं काही द्यायचं.

तिनं डबा सोडवून माझ्या हातात दिला. स्वतःच्या हातानं उघडायला तयार होईना. मी पत्रा वाकवला. आत नट नव्हता. एक खडा होता, पांढरा.

"सांडलेला तो हाच असेल," मी म्हणाले.

"न्हाई. ह्यो आमच्या नदीचा न्हाई. तुमचा हाय. तुमाला दिलाय. घरी न्या, अन् लेकीला सांबाळा."

तोच खडा त्या फाटकावरच्या डब्यात आहे. टाकून द्यायची हिंमत झाली नाही, घरातही ठेववेना. पाळण्याला मी दुसरा नट बसवला. आमचे हे म्हणाले, तुला वेड लागलंय. वैशाखात उत्तराला मुलगी झाली. सुखरूप. काळंभोर जावळ, टपोरे डोळे. मी रोज उठून आधी तिचे कान बघायचे. आता हसू येतं सांगताना, पण बघायचे. काहीच झालं नाही. पावसाळा गेला, दिवाळी झाली, मीही विसरत चालले होते.

परवा सकाळी पाळण्यात पोरीची मूठ घट्ट मिटलेली दिसली. सोडवून बघितली. आत पितळी नट. माझाच, ओळखीचा, एका कडेला घासलेला. आणि गंजाचा वास. पितळ कधी गंजतं का?

काल पंचफुलानं तिच्यासाठी खुळखुळा आणला. पोरीनं तो मुठीत धरला, दोनदा हलवला. थांबली. कानाशी नेला. मग एकदा. उत्तरा टाळ्या पिटून हसली, सगळे म्हणाले, आजीवर गेली, वाडगा हीच चालवणार. त्यांच्याबरोबर मीही हसले. मग कुणाच्या लक्षात येणार नाही असा खुळखुळा काढून घेतला. हा बघा, माझ्या मांडीवर आहे. आणि नट इथं, पदराच्या गाठीत. उत्तराला ह्यातलं एक अक्षरही सांगितलेलं नाही. ती त्या पोरीला दूध पाजते, पापे घेते, आणि मी दारात उभी राहून बघते. भिवराबाईला विचारायचं आहे, पण त्यांचा वाडा यंदा अजून आलेला नाही.

थांबा.

ती बघा, उत्तरा मागच्या दारी कपडे काढतेय वाळलेले. म्हणजे पोर आत एकटीच आहे...

ऐकलंत? आतून दोनदा वाजलं.

आता बोलू नका. अजून एकदा वाजेल.